बारा सेंटनंतरचं शून्य : ॲपलच्या लाभांशाचं प्रकरण

डिसेंबर १९९५ मध्ये ॲपलचा एक शेअर ज्याच्या नावावर होता, त्याला त्या तिमाहीचा लाभांश म्हणून १२ सेंट मिळाले. पुढचा लाभांश त्याच्या खात्यात जमा झाला तो थेट १६ ऑगस्ट २०१२ रोजी. मधे सोळा वर्षं आणि आठ महिने गेले. तेवढ्या काळात कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत आली, तिनं आयमॅक, आयपॉड, आयफोन आणि आयपॅड बाजारात आणले, आणि २०११ मध्ये बाजारमूल्यात ती जगात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. लाभांशाच्या रकान्यात मात्र सगळी वर्षं शून्यच.

लाभांश न देणाऱ्या कंपनीचा निकाल आपण बहुतेक वेळा एका वाक्यात लावतो. कुणी म्हणतं, पैसा वाढीसाठी वापरतात, चांगलंच आहे. कुणी म्हणतं, भागधारकाच्या हातावर काही टेकवत नाहीत, नियत बरी नाही. ॲपलचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की इथे एकाच कंपनीचं एकच शून्य तीन वेगवेगळ्या कारणांवर उभं होतं. आधी पैसाच नव्हता. मग पैसा आला, पण त्याला काम होतं. शेवटी पैसा होता, त्याला पुरेसं काम नव्हतं, आणि तरीही तो वाटला जात नव्हता. आकडा तिन्ही वेळा तोच असल्यामुळे नुसता रकाना पाहणाऱ्याला यातला फरक कळायचा नाही.

पैसाच नव्हता तेव्हा

ॲपलनं लाभांश द्यायला १९८७ मध्ये सुरुवात केली. १९९५ मध्ये तो तिमाहीला १२ सेंट, म्हणजे वर्षाला ४८ सेंट होता. शेअर होते साधारण १२ कोटी. म्हणजे वर्षाला सहा कोटी डॉलरच्या आसपास पैसे बाहेर जात. मग मायक्रोसॉफ्टचं विंडोज ९५ आलं, ॲपलच्या मॅक संगणकांची मागणी घटली, न खपलेला माल गोदामात साचला. डिसेंबर १९९५ ला संपलेल्या तिमाहीत ६.९ कोटी डॉलरचा तोटा झाला. फेब्रुवारी १९९६ च्या सुरुवातीला प्रमुखपदावरून मायकल स्पिंडलर गेले आणि गिल अमेलियो आले. याच सुमारास लाभांश थांबला. त्या पुढच्या तिमाहीचा तोटा होता ७४ कोटी डॉलर.

इथे एक साधा प्रश्न पडतो. तिमाहीला दीड कोटी वाचवून ७४ कोटींचं भगदाड कसं बुजणार? बुजत नाहीच. पण लाभांश थांबवण्याचा अर्थ नुसत्या वाचलेल्या रकमेत शोधून चालत नाही. जून १९९६ मध्ये ॲपलनं ६ टक्के व्याजाचे, शेअरमध्ये बदलता येणारे रोखे विकून ६६.१ कोटी डॉलर उभे केले. एका हातानं कर्ज घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं भागधारकांना पैसे वाटायचे, हे कोणताही कर्ज देणारा शांतपणे बघत बसणार नाही. कंपनी अडचणीत असताना पैशावर पहिला हक्क त्याचा असतो, भागधारकाचा सगळ्यात शेवटी.

तरीही कंपन्या इथपर्यंत यायला खूप उशीर लावतात. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिंटनर यांनी १९५६ मध्ये २८ कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातून दिसलं ते असं, की व्यवस्थापकांना लाभांश कमी करायची फार धास्ती असते. नफा वाढला तरी ते लाभांश जपून, थोडाथोडा वाढवतात, कारण एकदा वाढवलेला मागे घेणं म्हणजे ‘आमचं काहीतरी बिनसलंय’ अशी जाहीर कबुली. म्हणून १२ सेंटवरून शून्यावर येण्याचा तो निर्णय रकमेनं लहान असला तरी मनानं फार मोठा होता.

१९९६ च्या आर्थिक वर्षात ८१.६ कोटी डॉलर तोटा, १९९७ मध्ये एक अब्जाहून जास्त. ऑगस्ट १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं १५ कोटी डॉलर गुंतवले, तेही मताधिकार नसलेल्या शेअरमध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका परिषदेत संगणक बनवणाऱ्या डेल कंपनीचे मायकल डेल यांना विचारण्यात आलं, ॲपल तुमच्या हातात असती तर काय केलं असतं? कंपनी बंद करून पैसे भागधारकांना परत केले असते, असं त्यांनी सांगितलं. हे उत्तर पुढे बरंच गाजलं. मला मात्र ते त्या क्षणी मूर्खपणाचं वाटत नाही. दोन वर्षांत पावणेदोन अब्ज डॉलरहून जास्त घालवलेल्या कंपनीकडे उरलेली रोकड मालकांना देऊन टाकावी, हा शेवटचा आणि सर्वांत मोठा लाभांशच म्हणायचा. आणखी एक वर्ष तसंच गेलं असतं तर वाटायलाही काही उरलं नसतं.

पैशाला काम मिळालं तेव्हा

१९९८ मध्ये ३०.९ कोटी डॉलरचा नफा झाला. पैसा परत येऊ लागला, तरी लाभांश परत आला नाही. या टप्प्यातलं शून्य मला पूर्णपणे योग्य वाटतं, आणि त्याचं कारण एका व्यवहारात नीट दिसतं.

सप्टेंबर २००५ मध्ये ॲपलनं आयपॉड नॅनो हे गाणी ऐकायचं छोटं यंत्र आणलं. त्यात गाणी साठवायला फिरती डिस्क नव्हती, फ्लॅश मेमरी, म्हणजे साठवणुकीची चिप होती. नॅनो खपणार हे दिसत होतं, पण एवढी फ्लॅश मेमरी आणायची कुठून, हा खरा अडसर होता. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं सॅमसंग, हायनिक्स, तोशिबा, इंटेल आणि मायक्रॉन या पाच उत्पादकांशी २०१० पर्यंतच्या पुरवठ्याचे करार केले आणि मिळून १.२५ अब्ज डॉलर आगाऊ देण्याचं ठरवलं. माल यायच्या आधी पैसे. हे करायला बँकेत रोकड पडून असावी लागते. प्रतिस्पर्ध्याला तशाच दर्जाचं गाणी वाजवणारं यंत्र बनवायचं असेल, तर आधी त्याच बाजारात मेमरी शोधत फिरायचं आणि त्या बाजारातल्या मोठ्या वाट्याचे पैसे ॲपलनं आधीच मोजलेले.

त्यावेळी कंपनीचे साधारण ८३ कोटी शेअर होते. तेच १.२५ अब्ज डॉलर लाभांश म्हणून वाटले असते तर शेअरमागे दीड डॉलर हातात आला असता. तो दीड डॉलर भागधारकानं दुसरीकडे गुंतवून जे मिळवलं असतं, त्यापेक्षा कंपनीच्या हातात त्यानं कितीतरी जास्त काम केलं. लाभांश न देण्याचं समर्थन मुळात एवढंच आहे. कंपनीजवळ राहिलेला पुढचा एक डॉलर एका डॉलरपेक्षा जास्त मूल्य तयार करणार असेल, तर तो ठेवून घेणं हे मालकाच्या हिताचंच काम.

२००८ मध्ये पी. ए. सेमी ही चिप बनवणारी कंपनी ॲपलनं २७.८ कोटी डॉलरना घेतली. पुढे आयफोन आणि आयपॅडमधल्या स्वतःच्या चिप जिथून आल्या, त्या कामाची ही सुरुवात. ॲपलच्या मानानं रक्कम किरकोळ होती. पण याच व्यवहारात पुढच्या अडचणीचं बीजही दिसतं. सर्वांत फलदायी खरेदी ज्या कंपनीला तीस कोटींच्या आत मिळते, तिनं वर्षाला अब्जावधी डॉलर साठवून करायचं काय?

पैसा होता आणि काम पुरत नव्हतं

२०११ च्या आर्थिक वर्षाचा हिशेब घेऊ. चालू धंद्यातून आलेली रोकड ३७.५ अब्ज डॉलर. संशोधनावरचा २.४ अब्जांचा खर्च यातून आधीच वजा झालेला. यंत्रं, इमारती, दुकानं वगैरे स्थावर-जंगम मालमत्तेवर गेले सव्वाचार अब्जांच्या आसपास. पेटंटसारख्या गोष्टींवर आणि लहान कंपन्यांच्या खरेदीवर आणखी साडेतीन अब्ज. सगळं भागवून उरले सुमारे ३० अब्ज डॉलर, तेही एका वर्षात. कंपनीवर कर्ज नव्हतं, ते २००४ मध्येच फिटलं होतं.

उरलेला पैसा कुठे गेला? बहुतांश सरकारी आणि खासगी रोख्यांमध्ये. त्यावर त्या वर्षी मिळालेलं व्याज होतं ०.७७ टक्के. जगातल्या सर्वांत कर्तबगार कंपन्यांपैकी एक आपल्या भागधारकांचा पैसा पाऊण टक्क्यानं सांभाळत होती, आणि ते काम कोणताही भागधारक घरबसल्या स्वतः करू शकला असता. आयफोनसाठी त्याला ॲपल हवी होती, सरकारी रोखे घ्यायला नको होती.

डिसेंबर २०११ अखेर साठा ९७.६ अब्ज डॉलरवर पोचला. शेअरमागे साधारण १०५ डॉलर. २४ जानेवारी २०१२ रोजी हा आकडा जाहीर व्हायच्या आधी शेअरचा बंद भाव ४२० डॉलर होता. म्हणजे शेअर घेणाऱ्यानं मोजलेल्या दर चार डॉलरमागे एक डॉलर नुसत्या साठ्याचा.

कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांचा लाभांशाला विरोध होता हे सर्वांना माहीत होतं. हातात रोकड असली की मोठी, धाडसी उडी घेता येते आणि कुणाच्या दारात जावं लागत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९९७ मध्ये दुसऱ्याच्या पंधरा कोटींनी सावरलेली कंपनी ज्यानं पाहिली, त्याचं हे मत समजून घ्यायला हवं. नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी नंतर सांगितलेली एक हकिगत आहे. जॉब्ज यांनी त्यांना फोन करून विचारलं, एवढ्या पैशाचं काय करावं? बफे यांनी चार वाटा सांगितल्या. लाभांश द्या, स्वतःचे शेअर परत विकत घ्या, दुसऱ्या कंपन्या घ्या, किंवा पैसा तसाच ठेवा. तुमचा शेअर स्वस्त आहे असं तुम्हाला वाटतं का, असं बफे यांनी विचारलं. जॉब्ज म्हणाले, वाटतं. मग शेअर परत घ्या, असा सल्ला मिळाला. प्रत्यक्षात जॉब्ज यांनी पैसा तसाच ठेवला.

इथे एक हरकत हमखास येते, आणि ती वजनदार आहे. मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलं होतं, की कर आणि व्यवहारखर्च नसलेल्या आदर्श बाजारात लाभांश दिला काय आणि न दिला काय, भागधारकाच्या संपत्तीत फरक पडत नाही. ज्याला रोख हवी त्यानं थोडे शेअर विकावेत. मग तक्रार कसली?

तक्रार अशी, की हा हिशेब जुळायला कंपनीच्या तिजोरीतला एक डॉलर बाजारानं पूर्ण एक डॉलर म्हणून धरायला हवा. तो पैसा नेमका कशासाठी ठेवलाय हे कुणी सांगत नसेल, तर बाजार तो पूर्ण धरत नाही. एखाद्या अवाच्या सवा किमतीच्या खरेदीत तो उधळला जाईल ही शंका भावातून वजा होते. मग शेअर विकून रोख उभी करणारा भागधारक आपल्याच पैशावर सूट देऊन बाहेर पडतो. २००९ नंतर ॲपलची नेमकी हीच स्थिती होती असं माझं मत आहे, आणि म्हणून तिसऱ्या टप्प्यातलं शून्य मला पटत नाही. धाडसी उडीसाठी दहा-वीस अब्ज राखून ठेवणं शहाणपणाचं. शंभर अब्ज राखून ठेवायला कारण सांगावं लागतं, आणि ते कुणी सांगितलं नाही.

सीमेपलीकडचे ६४ अब्ज

एक कारण मात्र खरं होतं आणि भाषणांपेक्षा ते ताळेबंदात जास्त दिसत होतं. ९७.६ पैकी सुमारे ६४ अब्ज डॉलर अमेरिकेबाहेरच्या उपकंपन्यांकडे होते. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातला नफा मायदेशी आणला की त्यावर ३५ टक्के दरानं कर लागे, परदेशात भरलेला कर त्यातून वजा होई. ॲपलनं बाहेर फार कमी कर भरलेला असल्यामुळे वजावटही थोडीच मिळाली असती. म्हणून कागदावर ढीग केवढाही मोठा दिसला तरी वाटता येण्याजोगा भाग साधारण तेहतीस अब्जांचा. लाभांश न देणाऱ्या कंपनीची रोकड मोजताना ती कोणत्या देशात आणि कुणाच्या नावावर आहे, हे विचारल्याशिवाय रागावू नये, एवढं मी या प्रकरणातून शिकलो.

१९ मार्च २०१२

ऑक्टोबर २०११ मध्ये जॉब्ज यांचं निधन झालं. टिम कुक ऑगस्टपासून प्रमुखपदावर होते. १९ मार्च २०१२ च्या सकाळी कुक आणि अर्थप्रमुख पीटर ओपनहायमर यांनी दूरध्वनी परिषद घेऊन जाहीर केलं, की जुलैपासून सुरू होणाऱ्या तिमाहीत शेअरमागे २.६५ डॉलर लाभांश सुरू होईल, त्यानंतरच्या आर्थिक वर्षापासून तीन वर्षांत १० अब्जांचे शेअर परत घेतले जातील, आणि हे सगळं मिळून तीन वर्षांत सुमारे ४५ अब्ज डॉलर देशातल्या रोकडीतून जातील. शेअर तेव्हा सहाशेच्या आसपास होता. त्या भावानं वर्षाचा परतावा पावणेदोन टक्क्यांच्या थोडा वर.

मे महिन्यात आणखी एक बाब पुढे आली. कर्मचाऱ्यांच्या अजून हाती न आलेल्या शेअरवरही लाभांशाइतकी रक्कम मिळणार होती. कुक यांनी स्वतःच्या अशा शेअरवरची रक्कम नाकारली, साधारण साडेसात कोटी डॉलर. लाभांश द्यायचं ठरवणाऱ्यालाच त्यातून सर्वांत मोठा फायदा व्हावा, हे त्यांनी टाळलं. मला ही गोष्ट मनापासून आवडली.

ऑगस्टमध्ये पहिला लाभांश गेला, एकूण सुमारे अडीच अब्ज डॉलर. ज्यांनी ९ ऑगस्टला किंवा त्यानंतर शेअर घेतला त्यांना तो मिळाला नाही, कारण त्या दिवसापासून शेअर एक्स-डिव्हिडंड झाला. त्या सकाळी हिशेबानं शेअरची किंमत २.६५ डॉलरनं कमीच धरायची, कारण तेवढा पैसा कंपनीतून बाहेर जायचं ठरलेलं असतं. लाभांश म्हणजे वरकमाई नव्हे. या खिशातला पैसा त्या खिशात येतो, आणि येताना त्यावर कर लागतो.

लाभांश सुरू झाल्यानं भाव टिकला, असंही झालं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये ७०२ डॉलरवर बंद झालेला शेअर एप्रिल २०१३ मध्ये ३९० पर्यंत खाली आला. बाजार पुढच्या आयफोनच्या नफ्याचं मोजमाप करत होता. २०१३ च्याच फेब्रुवारीत ग्रीनलाइट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचे डेव्हिड आइनहॉर्न कोर्टात गेले. कंपनीनं प्राधान्य शेअर (ज्यांना लाभांश इतर शेअरच्या आधी मिळतो) देण्याची मोकळीक काढून घेणारा ठराव आणला होता, तो ज्या पद्धतीनं मतदानाला ठेवला त्याला त्यांनी हरकत घेतली आणि मनाई हुकूम मिळवला. मूळ भांडण साठ्याचंच.

२३ एप्रिल २०१३ रोजी कंपनीनं लाभांश ३.०५ डॉलरवर नेला आणि शेअर परत घेण्याची मर्यादा १० वरून ६० अब्जांवर. आठवड्याभरात तिनं १७ अब्ज डॉलरचे रोखे विकले. बँक नसलेल्या कंपनीनं तोवर एका वेळी एवढे मोठे रोखे कधी काढले नव्हते. शंभर अब्जांहून जास्त रोकड असलेली कंपनी लाभांशासाठी कर्ज काढते, हे ऐकायला विचित्र वाटतं. हिशेब मात्र सरळ होता. तीन वर्षांच्या रोख्यांवर व्याज ०.४५ टक्के, दहा वर्षांच्या रोख्यांवर २.४० टक्के. परदेशातले पैसे आणायचे तर कर ३५ टक्क्यांपर्यंत. कायदा २०१७ च्या शेवटी बदलला, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये कंपनीनं सांगितलं की त्यापोटी आपण सुमारे ३८ अब्ज डॉलर कर भरू.

लाभांशापेक्षा शेअर परत घेण्यावर इतका भर का, याचं उत्तर लिंटनरच्या अभ्यासात आधीच आहे. लाभांश हे वचन असतं. शेअर परत घेणं यंदा करावं, पुढच्या वर्षी थांबवावं, कुणी फारसं विचारत नाही. १९९६ ची कबुली पुन्हा द्यायची वेळ येऊ नये अशी ही रचना आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात ॲपलनं लाभांशावर सुमारे १५ अब्ज खर्च केले आणि शेअर परत घेण्यावर ९५ अब्जांच्या आसपास. त्या वर्षीचा नफा सुमारे ९४ अब्ज होता. नफ्याहून जास्त पैसा मालकांकडे गेला.

तोट्यात लाभांश थांबवणारी प्रत्येक कंपनी अशी परत येत नाही. बहुतेकींच्या बाबतीत ते शून्य शेवटचंच ठरतं, आणि १९९६ मध्ये ॲपलचा शेअर विकून बाहेर पडलेला माणूस चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर जे आकडे होते त्यांवरून तो बरोबर होता.

जो थांबला, त्याच्या एका शेअरचे २००० मध्ये दोन झाले, २००५ मध्ये चार, २०१४ मध्ये अठ्ठावीस आणि २०२० मध्ये एकशेबारा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्याकडे चार शेअर होते, म्हणून सोळा वर्षांनंतरच्या पहिल्या लाभांशाचे त्याला १०.६० डॉलर मिळाले. मे २०२५ मध्ये दर शेअरला २६ सेंट होते. ११२ शेअरचे झाले २९.१२ डॉलर, त्या एका तिमाहीचे.